कुठला धागा निर्मळ?

जैन बाईनं लोकर वापरावी का, हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मी निरनिराळ्या तोंडून ऐकला. विचारणाऱ्या बहुतेक तरुण मुली. कुणी पुण्याला नाहीतर बंगळूरला नोकरी करणारी, कुणी लग्न होऊन परदेशी गेलेली. आणि गंमत म्हणजे त्यांच्या हातात दोन सुया असतात. आमच्या पिढीला वाटलं होतं, विणकाम आता संपलं. बाळंतविड्यातलं टोपडंसुद्धा दुकानातून यायला लागलं, तेव्हा सुया कोण धरणार? पण या मुली मोबाइलवर बघून शिकतात, आपल्यापेक्षा अवघड नमुने काढतात, आणि त्याला वेळ घालवणं म्हणत नाहीत. विणकाम ही कला आहे, ती फॅशन आहे, आणि पृथ्वीवरचा भार हलका करायचा तो एक मार्ग आहे, असं त्या सांगतात. मग त्यातलीच एखादी थबकते आणि विचारते, "काकी, लोकर तर मेंढीची. मग आपल्याला चालते का?"

प्रश्न मला आवडतो. खाण्यापिण्याच्या बाबतीत आपल्याला इतकं बारीक शिकवलंय की कंदमुळापासून पाणी गाळण्यापर्यंत सगळं तोंडपाठ आहे. कपड्याच्या बाबतीत मात्र रेशीम सोडलं तर आपण फारसं काही विचारत नाही. स्वयंपाकघरातली आपली अहिंसा कपाटापाशी आली की जरा पेंगुळते. म्हणून या पोरींच्या प्रश्नाला "चालते" किंवा "चालत नाही" एवढंच उत्तर देऊन त्यांना वाटेला लावू नये.

आधी थोडं विणण्याबद्दल. मराठीत आपण माग चालवण्यालाही विणणं म्हणतो आणि सुयांनी स्वेटर करण्यालाही विणणंच म्हणतो. इथं बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत ज्यांनी मागांचा आवाज ऐकला आहे, त्यांना पहिलं विणणं ठाऊक आहे. तिथं उभे धागे ताणलेले असतात आणि आडवा धागा त्यांतून जातो, ताणा आणि बाणा. सुयांवरच्या विणकामात ताणा नाही, बाणा नाही. एकच धागा. त्याच्या एका फासातून दुसरा फास काढायचा, दुसऱ्यातून तिसरा. कन्नडमध्ये याला वेगळा शब्द आहे, हेणिगे. या एका धाग्यामुळे स्वेटर ताणला जातो, अंगाबरोबर हलतो. आणि या एका धाग्यामुळेच टोक सापडलं की सगळा स्वेटर सरसर उसवून पुन्हा गुंडा होतो. हे ध्यानात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

आणखी एक. "मी काही विणत नाही, मला काय त्याचं?" असं कुणी म्हणू नये. आपण घालतो ते टी-शर्ट, बनियन, लेगिंग, पायमोजे, सगळं असंच फासात फास अडकवून यंत्रावर विणलेलं असतं. हे यंत्रही जुनं आहे. १५८९ साली इंग्लंडात विल्यम ली नावाच्या माणसानं मोजे विणायचा साचा तयार केला, त्याला चारशे वर्षं उलटून गेली. तेव्हा हा प्रश्न फक्त हौशी बायकांचा नाही. आपल्या सगळ्यांच्या अंगावरचा आहे.

मुली म्हणतात की विणकाम आता कला झालं. ते खरं आहे. जर्मनीतल्या रोझमारी ट्रोकेल या चित्रकर्तीनं १९८०च्या दशकात लोकरीची विणलेली चित्रं कॅनव्हासवर ताणून कलादालनात टांगली. त्यांत तिनं मुद्दाम व्यापारी शिक्के, राजकीय चिन्हं नक्षीसारखी विणून घेतली, तीही यंत्रावर. जे काम बायकांचं म्हणून कोपऱ्यात होतं, ते चौकटीत बसवलं की कला कसं होतं, हे तिला दाखवायचं होतं. २००६ साली डेन्मार्कच्या मारियाने यॉर्गेन्सन या कलावतीनं कोपनहेगनमध्ये युद्धातला एक खराखुरा रणगाडा गुलाबी विणकामानं झाकून टाकला. इराकच्या युद्धाला विरोध म्हणून हे केलं होतं. निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी विणून पाठवलेले चार हजारांवर चौकोन त्यासाठी जोडले होते. त्याचं चित्र पाहिलं तेव्हा मला वाटलं, अहिंसेवरच्या पुष्कळ भाषणांपेक्षा हे बोलकं आहे. तोफेच्या नळीला कुणी टोपडं घातलंय! त्यानंतर तो रणगाडा हत्यार वाटतच नाही, हसू येतं.

फॅशनचंही तसंच. इटलीत ओत्ताव्हिओ आणि रोझिता मिसोनी या नवरा-बायकोनं १९५३ मध्ये छोटासा विणकामाचा कारखाना काढला, आणि त्यांची रंगीबेरंगी नागमोडी नक्षी जगभर गेली. पॅरिसच्या सोनिया रिकिएल हिनं स्वेटरची शिवण आत लपवायची सोडून बाहेर दाखवली. जपानच्या इस्से मियाके यांनी १९९८च्या सुमारास विणलेल्या कापडाची एक सलग नळीच पुढं आणली. तीत कपडे आधीच विणलेले असतात, घेणाऱ्यानं रेषेवरून कातरून काढायचे. म्हणजे जी गोष्ट आपल्या आज्या अंगणात पाय पसरून करत होत्या, तिच्यात एवढी बुद्धी आणि एवढं सौंदर्य आहे, हे जगानं मान्य केलं. याचा आनंद व्हावा. आज्यांना तो मान मिळाला नाही याची थोडी खंतही वाटावी.

पण कला झाली, फॅशन झाली, म्हणून गोष्ट निर्दोष होत नाही. रेशीमसुद्धा फार मोठी कला आहे. तेव्हा तिसऱ्या दाव्याकडे येऊ या. हातानं विणलेलं पृथ्वीला आणि जिवांना कमी त्रास देतं, हे कितपत खरं आहे? त्यासाठी धाग्याकडेच जावं लागतं.

पहिली लोकर. मेंढी मारून लोकर काढत नाहीत, कातरून काढतात, हे आपण ऐकत आलो. ते खरंच आहे. उलट पाळीव मेंढीची लोकर कातरलीच नाही तर तिचे हाल होतात. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ एक भटकलेला मेंढा सापडला. वर्षानुवर्षं न कातरल्यामुळे त्याच्या अंगावरून ४० किलोंहून जास्त लोकर निघाली. बिचाऱ्याला धड चालता येत नव्हतं. पण त्याच ऑस्ट्रेलियात मऊ मेरिनो लोकरीसाठी कोकरांच्या शेपटीखालची कातडी कात्रीनं कापून काढतात. तिथं घड्या असतात, त्यांत माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मांस खातात, ते टाळायला हा उपाय. पुष्कळदा भूल न देताच हे केलं गेलं आहे. न्यूझीलंडनं २०१८ पासून या प्रकारावर बंदी घातली, ऑस्ट्रेलियात तो चालू राहिला. आपल्या आचारग्रंथांत अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, खाणं-पिणं तोडणं. पाठशाळेत आपण ते घोकले. त्यातला "छेद" आपल्या गळ्यातल्या मऊसूत मफलरीत असू शकतो, हे मात्र पाठशाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

मग लोकर सोडून द्यावी? बहुतेक जणी तेच करतात, म्हणजे न कळत करतात. बाजारात "लोकर" म्हणून जे स्वस्तातले रंगीत गुंडे मिळतात त्यांतले बरेचसे अॅक्रिलिकचे असतात. त्यात मेंढी नाही, खनिज तेलापासून केलेला तो धागा आहे. दिसायला जीवहिंसा शून्य. पण २०१६ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी एक गोष्ट मोजली. सहा किलो अॅक्रिलिक कपडे यंत्रात एकदा धुतले की सात लाखांहून जास्त बारीक तंतू पाण्यात सुटू शकतात. हे प्लास्टिकचे तंतू नदीत जातात, समुद्रात जातात, माशांच्या पोटात जातात. पाणी गाळून पिणाऱ्या घरातून न गाळता येणारं असं काय काय बाहेर पडतं, याचा विचार केला की मन अस्वस्थ होतं.

राहिलं सूत. सुताशी आपलं जुनं नातं. आपल्या आर्यिका माताजींची पांढरी साडी सुताची. पण सुती होजिअरीचं मोठं केंद्र तमिळनाडूतलं तिरुप्पूर. तिथल्या रंगकामाच्या पाण्यानं नोय्यल नदीची अशी दशा झाली की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला रंगाचे कारखाने बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. नदीतले जीव, त्या पाण्यावरची शेतं, त्यांचा हिशोब त्या स्वस्त टी-शर्टच्या किमतीत कुठं होता?

म्हणजे मेंढीचा धागा घ्या, तेलाचा घ्या, झाडाचा घ्या, पूर्ण निर्मळ असा एकही नाही. इथं दोन पळवाटा असतात. एक म्हणते, "सगळ्यातच हिंसा आहे ना, मग काहीही घ्या." दुसरी म्हणते, "कुठंतरी शंभर टक्के शुद्ध धागा असेलच, तो शोधून काढू." दोन्ही वाटा मला पटत नाहीत.

दुसरीकडे आधी बघू, कारण ती जास्त मोहाची आहे. आपल्या परंपरेत एक फार सुंदर माप आहे. दिगंबर मुनींच्या हातातली पिंछी मोराच्या पिसांची असते, पण ती पिसं मोरानं आपण होऊन टाकलेली. उपटलेलं पीस चालत नाही. श्वेतांबर साधूंचा ओघा लोकरीच्या धाग्यांचा असतो, म्हणजे लोकर ही वस्तूच आपल्याला परकी नाही. जीवानं स्वतः सोडलेलं उचलावं, हे पिंछीचं माप लोकरीला लावता येतं का? काही ठिकाणी येतं. शेटलंड बेटांवरच्या जुन्या मेंढ्यांची लोकर उन्हाळ्याच्या तोंडाला आपोआप सुटायला लागते, ती हातानं ओढून काढायची तिथं रीत होती. लडाखच्या चांगथांगी बकऱ्यांची पश्मीना वसंतात सैल झाली की कंगव्यानं विंचरून घेतात. अलास्कात कस्तुरी बैल नावाच्या केसाळ जनावराची आतली लवही तशीच विंचरून काढतात, आणि ती काश्मीरच्या पश्मीन्याच्या तोडीची ऊबदार मानतात.

हे वाचून आपल्यातल्या एखादीनं लगेच अलास्काहून लोकर मागवली तर? विमानानं येईल, हजारो रुपये लागतील, आणि ती म्हणेल, "माझी लोकर अहिंसक." विंचरलेली बकरी पुढं कुणाच्या ताटात जात नाही, हे तिला कोण सांगणार? आणि शुद्ध वस्तू आपल्यापाशी आहे याचा जो ताठा येतो, तो मानकषाय कुठं टाकायचा? पिंछी थोर आहे ती नुसत्या गळलेल्या पिसामुळे नाही. मुनींपाशी ती एकच असते, आणि ती ज्या कामासाठी असते ते काम म्हणजे दुसऱ्या जीवाला जपणं. माप घ्यायचं तर तिन्ही मिळून घ्यावं. गळलेलं पीस तेवढं उचलायचं आणि बाकीचं विसरायचं, असं चालणार नाही.

आता पहिली पळवाट. तिला आपल्या आचार्यांनी फार पूर्वी उत्तर देऊन ठेवलं आहे. गृहस्थाच्या हिंसेचे त्यांनी चार भाग केले: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. मारायच्या हेतूनं केलेली संकल्पी हिंसा श्रावकानं सोडायचीच. चूल पेटवताना, घर झाडताना, पोटासाठी धंदा करताना होणारी पूर्ण सुटत नाही, पण ती कमी करत जायची. त्यासाठी शब्द आहे यत्नाचार. प्राकृतात त्याच यतनेचं "जयणा" झालं. आणि मला नेहमी वाटतं की आपल्या मराठीतला "जतन" हा त्याच कुळातला शब्द आहे. यत्नाचं जतन झालं. "ही साडी जतन करून ठेव," असं म्हणताना आपण नकळत धर्मातलाच शब्द बोलत असतो. वस्तू जपून, पुरवून वापरणं हे कंजूषपणाचं लक्षण नाही, तो अहिंसेचा एक भाग आहे. जो स्वेटर वीस वर्षं टिकला, त्याच्या मागची हिंसा वीस वर्षांत एकदाच घडली. दोन हिवाळ्यांत टाकून दिलेल्या दहा स्वेटरांची दहादा घडली.

मुलींना माझं खरं सांगणं इथं सुरू होतं. विणकामाची निर्मळता लोकरीच्या पाकिटावरच्या हिरव्या पानाच्या शिक्क्यात शोधू नका. ती तुमच्या कपाटात आहे की नाही ते बघा.

हातानं विणणाऱ्यांच्या जगात आज एक नवीन रोग आहे. विणणं हा एक छंद आणि लोकर जमवणं हा दुसरा. इंग्रजी बोलणाऱ्या विणकरणी आपल्या साठ्याला स्टॅश म्हणतात. साठा इतका वाढला की उरलेल्या आयुष्यात विणून संपणार नाही, अशा अवस्थेला त्यांनी गमतीनं सेबल असं नाव ठेवलं आहे. मला यात गंमत कमी आणि तत्त्वार्थसूत्र जास्त दिसतं. उमास्वामींनी परिग्रह सांगताना वस्तूंची संख्या सांगितली नाही. मूर्च्छेला, म्हणजे वस्तूतल्या गुंतलेपणाला त्यांनी परिग्रह म्हटलं. हातमागाचं सूत, सेंद्रिय सूत, वनस्पतींच्या रंगात रंगवलेली लोकर, अशी पन्नास पाकिटं पलंगाखाली भरून ठेवणारी बाई फॅशनच्या दुकानात दर आठवड्याला जाणाऱ्या बाईपेक्षा कुठं वेगळी? एकीचा मोह स्वस्तातला, दुसरीचा महाग आणि सात्त्विक दिसणारा. परिग्रह-परिमाण व्रतात आपण सोनं मोजतो, घर मोजतो, वस्त्रं मोजतो. त्यात लोकरीचे गुंडेही धरावेत, असं मी कुणाला सांगितलं तर ती हसते. पण हसू आलं तरी मोजून पाहावं.

दुसरी गोष्ट श्रमाची. "हातानं केलेलं" असं लिहिलं की आपल्याला वाटतं हे चांगलंच असणार. हात कुणाचे, हे आपण विचारत नाही. साधा हिशोब करा. छातीचा घेर ४० इंच, इंचाला ५ टाके, म्हणजे एका फेरीला २०० टाके. उंची २५ इंच, इंचाला ७ ओळी, म्हणजे १७५ ओळी. नुसत्या धडाचे ३५ हजार टाके झाले. बाह्या धरल्या तर आकडा ५० हजारांच्या घरात जातो. मिनिटाला २० टाके धरले तरी ४० तासांहून जास्त काम. आठ तासांचा दिवस धरला तर पाच दिवस. आता आपल्या ओळखीतली एखादी गरजू बाई स्वेटर विणून देते, तेव्हा आपण तिला काय देतो ते ज्याचं त्यानं आठवावं. लोकरीचे पैसे वेगळे, आणि मजुरी म्हणून जे हातावर ठेवतो त्यात पाच दिवसांचं बाजारहाटही होत नाही. "घरी बसूनच तर करायचंय," असं वर म्हणतो! अतिभारारोपण हा अतिचार बैलापुरता आहे, असं समजायचं कारण नाही. यंत्रावर विणलेला पण कामगाराला नीट पगार देऊन केलेला बनियन त्या हातच्या स्वेटरपेक्षा जास्त अहिंसक असू शकतो. १९९५ पासून जपानची शिमा सेकी ही कंपनी अख्खा स्वेटर एकसंध विणणारी यंत्रं करते. शिवण नाही, कातरण नाही, म्हणून चिंध्याही नाहीत. म्हणजे यंत्र वाईट आणि हात चांगला, अशी सोपी वाटणी करता येत नाही.

तिसरी गोष्ट हळू आवाजात सांगते, कारण ती ऐकून काही जणींना वाईट वाटेल. "विणताना मन इतकं शांत होतं, हेच माझं सामायिक," असं अलीकडे सर्रास म्हणतात. विणताना मन शांत होतं हे खरं आहे. सुलट-उलट, सुलट-उलट करताना श्वास संथ होतो, रागाचा भर ओसरतो. दुःखाच्या दिवसांत सुयांनी पुष्कळ जणींना सावरलंय. पण सामायिक म्हणजे दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटं, सगळे आरंभ बाजूला ठेवून बसणं. काहीही तयार करायचं नाही, कशाची वाट बघायची नाही. सुयांवर तर पुढची ओळ वाट बघत असते. विणकामाला विणकाम म्हणून मान द्यावा. त्याला सामायिकाचं नाव दिलं की दोन्हींचं मोल कमी होतं.

एवढं सगळं म्हटल्यावर विणकामाच्या बाजूनं काही उरतं का? उरतं, आणि ते मला फार मोठं वाटतं. सुरुवातीला म्हटलं तो एक धागा. मागावरचं कापड फाटलं की ठिगळ लावायचं, नाहीतर पायपुसणं करायचं. स्वेटर मात्र उसवता येतो. आमच्या आधीच्या पिढीत हे घरोघरी चाले. थोरल्याचा स्वेटर आखूड झाला की शिवणी सोडायच्या, टोक शोधायचं, एकीनं उसवत जायचं आणि दुसरीनं खुर्चीच्या पाठीला धागा गुंडाळत जायचा. मग त्याची लडी बांधायची, कोमट पाण्यात धुवायची, वजन लावून वाळत घालायची की लोकरीतल्या वळ्या जातात. कोपरापाशी झिजलेला भाग टाकून द्यायचा, तेवढ्यापुरता दुसरा रंग घ्यायचा. धाकट्याच्या स्वेटरला म्हणून दोन पट्टे असत, आणि त्या पट्ट्यांवरून कुठला स्वेटर कुणाचा होता हे घरातल्या सगळ्यांना सांगता येई. महायुद्धाच्या काळात इंग्लंडात कपड्यांची टंचाई झाली तेव्हा तिथल्या सरकारनं १९४३ मध्ये "मेक डू अँड मेंड" नावाची पुस्तिका काढून बायकांना आहे ते दुरुस्त करून वापरायला सांगितलं. आपल्याकडच्या बायकांना पुस्तिका लागली नाही. आज पानिपतच्या कारखान्यांत जगभरातून आलेले जुने लोकरी कपडे रंगवार वेगळे करून, पिंजून, त्यांचं पुन्हा सूत काढतात आणि ब्लँकेटं विणतात. तेही चांगलंच. पण पिंजताना धागा तुटतो, आखूड होतो. घरी उसवलेला धागा अखंड राहतो.

उसवण्यात आणखी एक शिकवण आहे. इतक्या कष्टानं केलेली गोष्ट आपल्याच हातानं सोडून द्यायला मनाची तयारी लागते. "हा मी विणलाय" यातला "मी" त्या वेळी धाग्याबरोबर सुटतो. संग्रहालयात काचेमागं ठेवलेल्या विणकामाला हे भाग्य नाही.

इथं आपल्या भागातली एक गोष्ट सांगायलाच हवी. बेळगाव-निपाणीच्या माळावर धनगर-कुरुबरांची काळी दख्खनी मेंढी असते. तिची लोकर राठ. तिचं घोंगडं होतं, मऊ स्वेटर होत नाही. घोंगड्याला गिऱ्हाईक राहिलं नाही, तशी लोकर कवडीमोल झाली. पुष्कळ धनगरांनी लोकरीची मेंढी सोडून मांसाची जात धरली. आपण लोकर नको म्हटलं, म्हणजे मेंढी वाचली असं झालं नाही. लोकरीसाठी वर्षानुवर्षं जगवायची जी मेंढी होती, ती फक्त खाटकाची झाली. हे मी घोंगडी घ्या म्हणून सांगत नाही. वस्तू हातावेगळी केली की पाप हातावेगळं होत नाही, एवढंच यातून दिसतं. त्या वस्तूमागं कोण आहे, हे बघायची जबाबदारी तशीच राहते.

तेव्हा, पोरींनो, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. ज्या लोकरीसाठी कोकराची कातडी कापलीय असा संशय आहे ती घेऊ नका. दुकानदाराला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर पाकीट परत ठेवा. अॅक्रिलिक घरात आहे ते फेकू नका, फेकलं तर ते नदीतच जाईल. वापरा, पण कमी धुवा, हातानं धुवा, आणि नवीन आणू नका. सूत घेतलंत तर जवळचं घ्या आणि टिकेल असं विणा. साठा मोजा, आणि आहे तो संपेपर्यंत नवीन गुंडा न आणण्याचा एक वर्षाचा नियम घ्या. चातुर्मासात आपण हिरवी भाजी सोडतो, त्यापेक्षा हे अवघड नाही. दुसऱ्या बाईकडून विणून घेतलंत तर तासांचा हिशोब करून पैसे द्या.

आणि कार्तिकातली अष्टान्हिका झाली की, थंडी पडायच्या आधी, घरातले आखूड झालेले, झिजलेले स्वेटर बाहेर काढा. एकटीला कंटाळा येतो, म्हणून चौघी जमा. एकीनं उसवावं, एकीनं लडी धरावी. ज्यांना विणता येतं त्यांनी नवशिकीला शिकवावं. दवाखान्यातल्या गरीब बाळंतिणीच्या लेकराला एक टोपडं आणि पायमोजे होतील एवढी लोकर तर प्रत्येक घरात निघेल.